बुरशी येते ती आंबटपणा कमी पडतो म्हणून

घरी लावलेल्या कोंबुचावर बुरशी दिसली की पहिला संशय स्वच्छतेवर जातो. बरणी नीट उकळली नसेल, ओला हात लागला असेल, चमचा कशाचा तरी असेल. पुढच्या खेपेला बरणी दोनदा उकळली जाते आणि आठवड्याभरात पुन्हा हिरवट ठिपके उगवतात. स्वच्छता हवीच, पण बुरशीचे बीजाणू घरातल्या हवेत सदैव तरंगत असतात आणि उकळलेल्या बरणीत चहा ओततानाच त्यातले काही आत पडतात. ते रुजणार की नाही, हे पहिल्या चार-पाच दिवसांत चहा किती आंबट आहे यावर ठरतं.

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय. त्यातलं यीस्ट साखर फोडून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. तयार कोंबुचाचा पीएच साधारण 2.5 ते 3.5 असतो (आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट). नुसत्या गोड चहाचा मात्र 5 च्या आसपास. साखर आहे, ओल आहे, ऊब आहे आणि आंबटपणा जेमतेम, अशा द्रवावर बुरशीला आणखी काही लागत नाही. म्हणून चहा बरणीत भरतानाच त्याचा पीएच 4.5 किंवा त्याहून खाली आणावा लागतो. पुढचं काम जिवाणू करतात.

इथेच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे: ‘स्कोबीची चकती टाकली की झालं.’ ती जाड, रबरासारखी चकती म्हणजे मुख्यतः जिवाणूंनी विणलेलं सेल्युलोज. तिच्यात जिवाणू आणि यीस्ट असतात हे खरं, पण ते आधीच्या कोंबुचाच्या पाण्यातही तितकेच असतात आणि आंबटपणा येतो तो त्या पाण्यातून. चकती नसताना, नुसत्या कच्च्या, बिनस्वादाच्या कोंबुचावर नवी चकती धरते. उलट कुणाकडून फक्त चकती आणून गोड चहात सोडली, तर तिच्या कोरड्या पाठीवरच बुरशी पहिली उगवते.

आपल्याकडे या गैरसमजाला विरजणाची सवय खतपाणी घालते. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, मग चहाला का नाही? दूध आपण तापवून घेतो आणि विरजणातले जिवाणू एका रात्रीत ते आंबट करतात. कोंबुचातली मंडळी त्या मानाने फार सावकाश चालतात. चमचाभर स्टार्टरवर, म्हणजे आधीच्या खेपेच्या कोंबुचावर, चहा कित्येक दिवस जवळजवळ गोडच राहतो. म्हणून एक लिटर चहाला आधीच्या खेपेचा मुरलेला, चांगला आंबट कोंबुचा किमान 100 मिलिलिटर हवा. पहिलीच खेप असेल किंवा थंडीचे दिवस असतील तर मी 200 मिलिलिटर घाला असंच सांगेन. तो सगळ्यात शेवटी, वरून ओतावा, म्हणजे चकतीची पाठ आणि चहाचा पृष्ठभाग दोन्ही आंबट राहतात. पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात. या छंदासाठी एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर ती घ्यावी.

मग लिंबू पिळून आंबटपणा आणला तर? पट्टीवर आकडा खाली येईल, पण संरक्षण तेवढं मिळणार नाही. टोपलीत विसरलेल्या लिंबावर हिरवी बुरशी येते, ते लिंबू आंबट असूनही. ॲसिटिक आम्लाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे अखंड रेणू बुरशीच्या पेशीत शिरतात आणि आत गेल्यावर फुटून तिचा कारभार बिघडवतात. पीएच 4.76 च्या खाली गेला की या आम्लाचे निम्म्याहून जास्त रेणू अखंड असतात. बरणी भरताना 4.5 ची मर्यादा धरण्यामागे हेही एक कारण आहे. स्टार्टर कमी पडला तर आंबवून केलेलं, पाश्चराइज केलेलं साधं पांढरं व्हिनेगर एखाद्या वेळी चालतं. त्यात जिवंत कल्चर नसतं, म्हणून चकती किंवा थोडा तरी खरा कोंबुचा सोबत लागतोच.

आता उलट बाजूचा गैरसमज, ज्यापायी कितीतरी चांगल्या बरण्या मोरीत ओतल्या जातात: ‘पांढरं काही दिसलं म्हणजे बुरशी.’ नवी चकती धरताना ती एकसंध येत नाही. आधी धुरकट पापुद्रा येतो, मग पांढुरके, ओलसर ठिपके, खाली अडकलेले बुडबुडे, मध्येच उंचवटे. खाली तपकिरी, शेवाळासारख्या दोऱ्या लोंबतात, बुडाशी गाळ बसतो. ते यीस्ट आहे. जुनी चकती बुडाली तरी ती मेलेली नसते, नवी वर धरते. बुरशी ओळखायची ती तिच्या लवीवरून. ती नेहमी पृष्ठभागावर असते, कोरडी असते, केसाळ किंवा पिठूळ दिसते, बहुधा गोल ठिपक्यांनी पसरते, आणि पांढऱ्यावरून हिरवी, निळसर, करडी किंवा काळी होत जाते. शंका असेल तर बरणी न हलवता दोन दिवस थांबावं. चकती जाड होईल, गुळगुळीत होईल. बुरशीला लव फुटेल, रंग चढेल. तिसरा प्रकार म्हणजे यीस्टची पातळ, सुरकुतलेली, पांढरी साय. ती सहसा अपायकारक नसते, पण चव बिघडवते, आणि ती आली म्हणजे आंबटपणा कमी पडला होता असं समजावं.

बुरशी नक्की झाली की मात्र घासाघीस नको. लोणच्यावरचा बुरसटलेला थर काढून खालचं वापरायची सवय अनेक घरांत आहे. तीच इथे चालवली जाते. दिसणाऱ्या लवीखाली बुरशीचे तंतू चकतीत उतरलेले असतात आणि काही बुरश्या जी विषारी द्रव्यं सोडतात ती चहात मिसळलेली असू शकतात. अफ्लाटॉक्सिनसारखं विष उकळूनही पुरतं जात नाही. रंगावरून बुरशी विषारी की साधी हे घरी सांगता येत नाही. म्हणून चहा, चकती, त्यातलाच स्टार्टर, सगळं फेकायचं. चकती व्हिनेगरने धुऊन पुन्हा वापरायचा सल्ला मिळतो, तो ऐकू नये. कापडही टाकून द्यावं. काचेची बरणी साबणाने, मग कडक पाण्याने धुऊन उन्हात वाळवली की पुरे. हुंगून खात्री करायची गरज नाही, बीजाणू नाकात जातात.

‘घट्ट झाकण लावलं की हवेतलं काही आत जाणार नाही,’ हेही ऐकू येतं. पण आम्ल करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. झाकण लावलं तर तेच गुदमरतात आणि आंबटपणा रखडतो. घट्ट विणीचं सुती कापड आणि रबरबँड हे योग्य झाकण. विरळ मलमलीतून चिलटं आत जातात, आणि आंब्या-फणसाच्या दिवसांत स्वयंपाकघरात त्यांना तोटा नसतो.

बरणीची जागाही पाहावी. कांद्याच्या पापुद्र्यावर जी काळी पूड दिसते ती ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशीच. कांद्या-बटाट्याच्या टोपलीशेजारी, पावाच्या डब्याजवळ, कुंडीपाशी किंवा पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीला टेकून बरणी ठेवणं म्हणजे बीजाणूंना आमंत्रण. तापमान 24 ते 27 अंश उत्तम. पुण्या-नाशकाच्या थंडीत स्वयंपाकघर 20 च्या खाली गेलं की जिवाणू मंदावतात, पण बुरशी तितकी मंदावत नाही. याच कारणाने स्कोबी फ्रीजमध्ये ठेवू नये. थंडीने निपचित पडलेली चकती नव्या चहात घातली की आम्ल यायला उशीर होतो.

चिनी मातीच्या बरणीत लोणचं टिकतं, म्हणून कोंबुचाही तिथेच लावावा असं वाटणं साहजिक आहे. बुरशी बरणीच्या जातीवर ठरत नाही, धोका वेगळाच आहे. ऑस्ट्रेलियात 1998 मध्ये एका दांपत्याला शिशाची विषबाधा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. सहा महिने ते दोघं मातीच्या झिलईदार भांड्यात लावलेला कोंबुचा पीत होते. झिलईतलं शिसं आम्लाने त्यात उतरलं होतं. तांब्या-पितळेचा तर प्रश्नच नाही, बिनकल्हईच्या भांड्यात आंबट ठेवू नये हे आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. साधी काच घ्यावी.

आलं, तुळस, वेलची, फळांचे तुकडे पहिल्या आंबवणीत घालू नयेत. त्यांच्यासोबत बीजाणू येतात आणि तरंगणारे तुकडे बुरशीला कोरडी बैठक देतात. स्वाद द्यायचा तो चकती काढल्यावर, बाटलीत. साखर कमी करण्याचा मोहही टाळावा, कारण आम्ल तिच्यातूनच तयार होतं. लिटरला 60-70 ग्रॅम साखर लागते. चहा पूर्ण निवल्याशिवाय कल्चर घालू नये, गरम चहात जिवाणू मरतात आणि बरणी बुरशीसाठी मोकळी होते.

बुरशी नसली तरी कच्चा कोंबुचा गरोदर स्त्रियांनी, लहान मुलांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी घेऊ नये.

सगळं फेकायची वेळ आली तर हाताशी काही असावं म्हणून जास्तीच्या चकत्या वेगळ्या बरणीत, बुडतील इतक्या आंबट कोंबुचात, कापड बांधून, फ्रीजबाहेर ठेवाव्यात. पाणी आटत जाईल तसा तीन-चार आठवड्यांनी थोडा निवलेला गोड चहा त्यात घालत राहावा. ही बरणी रोजच्या बरणीपासून लांब, दुसऱ्या खोलीत असेल तर उत्तम.