विश्लेषण : ई-बाईकला नवा लिथियम पॅक, ब्रह्मपुरीच्या उन्हात तो कसा पारखायचा?

ई-बाईकच्या जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या दमल्या की गाडीमालकापुढे दोन पर्याय असतात : पुन्हा त्याच जड बॅटऱ्या घ्यायच्या, की थोडे जास्त पैसे घालून लिथियम पॅक बसवायचा. अनेक जण लिथियमकडे वळतात. नवा पॅक लावला की पहिला प्रश्न येतो, ‘एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते?’ पण ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गावाकडचा रस्ता जंगलातून जातो. अशा ठिकाणी आधी पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. चार्जर जुळतो का, पॅक उष्णता सोसतो का, आणि गाडी वाटेत अचानक बंद पडेल का? किलोमीटरचा प्रश्न त्यानंतरचा.

लेड-अ‍ॅसिड काढून लिथियम कशासाठी?

पहिले कारण वजन. ४८ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतात आणि त्यांचे एकत्र वजन २५ किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरते. तेवढ्याच क्षमतेचा लिथियम पॅक निम्म्याहून कमी वजनाचा असतो. दुसरे कारण प्रत्यक्ष मिळणारी वीज. लेड-अ‍ॅसिडवर २४ अँपिअर-अवर लिहिलेले असले तरी गाडीला लागणाऱ्या प्रवाहावर त्यातली ५० ते ६० टक्केच वीज नीट वापरता येते. लिथियममधून ९० टक्क्यांच्या आसपास मिळते. तिसरे कारण आयुष्य. लेड-अ‍ॅसिड साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज होते, तर चांगला लिथियम पॅक प्रकारानुसार ८०० ते २००० वेळा. मात्र हे आकडे २५ अंशांच्या आसपासच्या तापमानाचे असतात, नवतपातल्या ब्रह्मपुरीचे नव्हेत.

सगळे लिथियम पॅक सारखेच असतात का?

नाही. बाजारात मुख्यत्वे दोन प्रकार मिळतात. ‘एनएमसी’ म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट. याचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. पॅक हलका आणि आटोपशीर असतो, पण उष्णतेला तुलनेने लवकर बिघडतो. दुसरा ‘एलएफपी’, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट. त्याचा सेल ३.६५ व्होल्टला भरतो. पॅक थोडा जड आणि मोठा असतो, पण उष्णतेत अधिक स्थिर राहतो आणि जास्त वर्षे टिकतो. विदर्भातल्या उन्हाळ्याचा विचार केला तर एलएफपी हा अधिक सुरक्षित पर्याय ठरतो.

दोन्ही प्रकारांत ‘बीएमएस’ म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम नावाचे सर्किट असते. सेल जास्त भरला, फार रिकामा झाला, शॉर्ट झाला किंवा तापला की ते वीज तोडते. पॅकची खरी किंमत या सर्किटात आणि सेलच्या दर्जात असते. वरच्या चकचकीत डब्यात नसते.

जुना चार्जर चालेल का?

सर्वात महाग पडणारी चूक इथेच होते. ४८ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिडचा चार्जर ५८ ते ५९ व्होल्टपर्यंत जातो. ४८ व्होल्टच्या एनएमसी पॅकमध्ये १३ सेल एकापुढे एक जोडलेले असतात; १३ गुणिले ४.२ म्हणजे ५४.६ व्होल्टला तो भरतो. त्याला जुना चार्जर लावला तर प्रत्येक सेलवर सुमारे ४.५ व्होल्टचा ताण येतो. बीएमएसने वेळेत वीज तोडली तर निभावते, नाही तर नाही. १६ सेलचा एलएफपी पॅक ५८.४ व्होल्टला भरतो. त्यामुळे आकडा जवळ दिसतो आणि ‘हाच चार्जर लावा’ असे सांगितले जाते. पण लेड-अ‍ॅसिडचा चार्जर पॅक भरल्यावरही थोडी थोडी वीज देत राहतो आणि लिथियमला ती मानवत नाही. म्हणून पॅकसोबत त्याच प्रकारचा चार्जर घ्यावा. चार्जरवरचा ‘आउटपुट’ व्होल्टेज आणि पॅकवरचा आकडा दुकानातच जुळवून पाहावा.

पहिले चार्जिंग घरात करू नये. सावलीतल्या मोकळ्या अंगणात, सिमेंटच्या जमिनीवर, कोणी तरी जागे आणि जवळ असताना ते करावे. पूर्ण भरल्यावर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. सकाळी पुन्हा मोजावे. रात्रभरात आकडा किंचित उतरणे ठीक. एनएमसी पॅकचा आकडा दीड-दोन व्होल्ट उतरला तर तो परत करावा; एलएफपीमध्ये मात्र भरल्यानंतर एवढी उतरण नेहमीचीच असते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे, घरचे झोपेत असताना स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा उपचारादरम्यान दगावला. रात्री बॅटरी चार्जिंगला लावून झोपण्याची सवय किती महागात पडू शकते, हे त्या घटनेने दाखवले.

ब्रह्मपुरीच्या उन्हाचा पॅकशी संबंध काय?

बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांपर्यंत चार्ज करता येतात आणि ६० अंशांपर्यंत वापरता येतात. ब्रह्मपुरीत मे महिन्याच्या दुपारी सावलीतली हवाच ४५ अंशांना टेकते. उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली किंवा टिनाच्या शेडमध्ये तापमान त्याहून बरेच वर असते. त्यात चार्जिंगची स्वतःची उष्णता मिसळते. म्हणजे दुपारी दोन वाजता प्लग लावला तर सुरुवातच मर्यादेच्या पलीकडून होते. याचा परिणाम आयुष्यावरही होतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की सेल जुना होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असे ढोबळमानाने मानले जाते.

यातून एक गैरसमज तयार होतो. दुपारी चार्जिंग सुरूच होत नाही, म्हणून ‘पॅक खराब आहे’ अशी तक्रार येते. प्रत्यक्षात बीएमएसच्या सेन्सरने उष्णता ओळखून चार्जिंग अडवलेले असते. पॅक त्याचे काम करत असतो. अशा वेळी सेन्सरची वायर कापून किंवा बीएमएस वगळून ‘डायरेक्ट’ जोडणी करून देणारा मेकॅनिक भेटला, तर तो दुरुस्ती करत नसून पहारेकऱ्याला घरी पाठवत असतो. साधा नियम असा : गाडी आल्यावर तासभर सावलीत थंड होऊ द्यावी आणि चार्जिंग पहाटे उठल्यावर किंवा ऊन उतरल्यावर, पण जागेपणी करावे. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर पॅक पूर्ण भरून ठेवू नये. अर्ध्याच्या आसपास ठेवावा.

पॅकवर लिहिलेली क्षमता खरी आहे का, हे कसे कळेल?

घरच्या वीजमीटरवरही ढोबळ तपासणी होते. ४८ व्होल्ट गुणिले २४ अँपिअर-अवर म्हणजे ११५२ वॉट-अवर, सुमारे १.१५ युनिट. चार्जरमध्ये १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते. म्हणून पूर्ण रिकामा पॅक भरायला सुमारे १.३ युनिट लागायला हवेत. घरातली बाकी उपकरणे बंद ठेवून, किंवा प्लगला लावायच्या छोट्या मीटरने, हा आकडा पाहावा. ०.९ युनिटमध्येच पॅक भरला तर आत २४ नव्हे, १६ अँपिअर-अवरच्या आसपास क्षमता आहे. ही नोंद बिलासोबत जपून ठेवली तर वॉरंटीच्या वेळी वाद घालायला हातात काही तरी असते.

जंगलातल्या रस्त्यासाठी रेंज कशी धरावी?

कमी वेगाच्या ई-बाईकला एका किलोमीटरला साधारण २५ वॉट-अवर लागतात. मागे माणूस किंवा पोते असेल तर ३० पर्यंत. ११५२ वॉट-अवरपैकी ९० टक्के वापरता आले तर एकट्यासाठी ४० किलोमीटरच्या आसपास आणि दोघांसाठी ३५ च्या आत रेंज मिळते. ब्रह्मपुरीहून नागभीड साधारण २० ते २५ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन तेवढ्यातच पॅक संपतो.

लेड-अ‍ॅसिड आणि लिथियम यांच्या वागण्यातला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. लेड-अ‍ॅसिड संपत आली की गाडी हळूहळू मंदावते आणि सूचना मिळते. लिथियम, विशेषतः एलएफपी, शेवटपर्यंत जवळजवळ सारखा व्होल्टेज देतो आणि मग बीएमएस एकदम वीज तोडते. गाडीवरचा जुना मीटर लेड-अ‍ॅसिडच्या हिशोबाचा असल्याने तो बराच वेळ ‘फुल’ दाखवत राहतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर असूनही ब्रह्मपुरी वनविभागात वाघांचा वावर मोठा आहे आणि माणसांवर हल्ले होत आले आहेत. तिन्हीसांजेला अशा रस्त्यावर गाडी ढकलत चालण्याची वेळ यायला नको.

म्हणून रेंजची चाचणी दिवसा, गावातच आणि घराजवळच्या फेऱ्यांत करावी. पूर्ण चार्जवर किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. रोजच्याइतके वजन घेऊन गाडी बंद पडेपर्यंत चालवावी. जे अंतर येईल त्याच्या ७० टक्के हीच रोजची रेंज धरावी. पहिल्या फेऱ्यांनंतर जोडण्यांना हात लावून पाहावे. वायरचा जोड गरम लागला तर तो सैल आहे. पॅक डब्यात हलत असेल तर रबर किंवा फोम लावून घट्ट बसवावा. खड्ड्यांचे धक्के सेलच्या जोडण्या मोकळ्या करतात.

नियम काय सांगतात?

२५० वॉटपर्यंतची मोटर, ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग आणि बॅटरी वगळून ६० किलोपर्यंत वजन, एवढ्या मर्यादेतील गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोंदणीतून सूट आहे. ४८ च्या जागी ६० व्होल्टचा पॅक लावून वेग वाढवला की ही सूट संपते. मग नोंदणी, परवाना, विमा सगळेच लागते. असे बदल केलेल्या गाड्यांवर कारवाईचे आदेश राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये दिले होते. नोंदणीकृत गाडीत मनाप्रमाणे फेरबदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दोन्ही शिक्षाही होऊ शकतात.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशभर ई-स्कूटर पेटण्याच्या घटनांनंतर ‘एआयएस-१५६’ हे बॅटरी-सुरक्षा मानक कडक झाले. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. पण गाडीला मंजुरी देताना ही चाचणी होते. सुटे सेल जोडून दुकानात बनवलेला पॅक तीतून गेलेला असेलच असे नाही. म्हणून चाचणीचे प्रमाणपत्र, सेल कोणत्या महिन्या-वर्षी बनले आणि पक्के बिल, या तीन गोष्टी मागून घ्याव्यात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती भंगारात फोडायला देऊ नये.

धोक्याची चिन्हे कोणती?

पॅक फुगणे, चार्ज होताना हात ठेववणार नाही इतका तापणे, विचित्र वास, फुसफुस आवाज किंवा पांढरा धूर. सुरुवातीची चिन्हे दिसताच भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करावा आणि पॅक पुन्हा वापरू नये. धूर निघू लागला तर पॅक उचलायला जाऊ नये. धूर विषारी असतो, म्हणून आधी घरातल्या सगळ्यांना बाहेर काढावे आणि ११२ किंवा १०१ वर कळवावे. लिथियमची आग विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा भडकते. ती थंड करायला भरपूर पाणी लागते. म्हणून चार्जिंगची जागा निवडताना एक गोष्ट आधी पाहावी : ती घराच्या एकमेव दाराच्या वाटेत नसावी.