केबलची तार, गावाचा रस्ता

केबल बंद पडली, तार रस्त्यावर लोंबकळली किंवा पॅकचे पैसे वाढले, की सोनगीरसारख्या गावात माणूस आधी सरपंचांना गाठतो. यातल्या तारेच्या तक्रारीवर ग्रामपंचायत खरोखर काही करू शकते. बाकीची दारं वेगळी आहेत.

सुरुवात नोंदणीपासून. गच्चीवर छत्री बसवून घरोघर तार ओढणं सुरू झालं, तेव्हा त्यासाठी वेगळा कायदा नव्हता. 1994 मध्ये अध्यादेश निघाला आणि 1995 मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमन कायदा झाला. नोंदणीशिवाय केबल चालवायची नाही, हा त्याचा पाया. ही नोंदणी वर्षानुवर्षं आपल्या भागाच्या मुख्य टपाल कार्यालयात व्हायची. फी 500 रुपये, मुदत एक वर्ष. जानेवारी 2025 पासून ती थेट केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होते. फी 5,000 रुपये, मुदत पाच वर्षं, आणि ती देशभर चालते. केबलचालकाची यात सोय झाली, हे खरं. पण आपल्या गावात नोंदणीकृत कोण आहे, हे जवळच्या कार्यालयात जाऊन विचारण्याची वाट बंद झाली. मला हे नुकसान मोठं वाटतं.

कारवाईचा अधिकार मात्र जिल्ह्यातच आहे. जिल्हाधिकारी आणि प्रांत हे या कायद्याखालचे प्राधिकृत अधिकारी. विनानोंदणी केबल चालत असेल तर ते यंत्रसामग्री जप्त करू शकतात. तेढ वाढवणारा कार्यक्रम थांबवू शकतात. म्हणजे सोनगीरचा अर्ज धुळ्याला जायला हवा.

पैशांचं गणित दूरसंचार नियामक म्हणजे ट्राय पाहते. सेट टॉप बॉक्सची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात होता आणि त्याची मुदत 31 मार्च 2017 ला संपली. बॉक्समुळे जोडण्यांची खरी संख्या कळू लागली. 2019 पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करावी लागते, त्यामुळे नको ती वाहिनी काढून टाकता येते. पूर्वी महाराष्ट्रात केबलवर करमणूक कर होता: महापालिका हद्दीत दरमहा 45 रुपये, गावांत 15. जुलै 2017 मध्ये तो जीएसटीत गेला. आता 18 टक्के लागतो. त्याआधी 2016 मध्ये राज्यघटनेत बदल होऊन करमणुकीवर कर लावण्याची मुभा पंचायती, नगरपालिका अशा स्थानिक संस्थांपुरतीच उरली, हे फार थोड्या सदस्यांना ठाऊक असतं.

आता तार. कायद्याच्या 2011 च्या दुरुस्तीने केबलचालकाला सार्वजनिक जागेवरून तार नेण्याची, खांब उभारण्याची वाट दिली. पण जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे परवानगी मागूनच. गावात मालक अनेक असतात. मुंबई-आग्रा महामार्गाची हद्द महामार्ग प्राधिकरणाची, गावाला जोडणारे रस्ते बांधकाम विभागाचे किंवा जिल्हा परिषदेचे, आतल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. विजेचा खांब महावितरणचा, आणि धोका सर्वांत जास्त तिथेच. वारा-पावसात केबल विजेच्या तारेला टेकली तर प्रवाह थेट घरातल्या टीव्हीपर्यंत येऊ शकतो. अशी तार दिसली तर हात न लावता आधी महावितरणला कळवावं.

गल्लीतल्या तारेसाठी ग्रामपंचायतीकडे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 53 आहे. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा हटवण्याचा अधिकार त्यातून मिळतो. तो वापरायचा तर कोणती तार कोणाची, हे आधी कागदावर हवं. म्हणून पुढच्या ग्रामसभेत एवढा विषय जरूर घ्या: गावातल्या प्रत्येक केबलचालकाने नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, तारांचा मार्ग आणि फोन नंबर ग्रामपंचायतीत द्यावा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.