सरकारी वकील आपला नसतो: आरोपीच्या बचावाविषयीचे गैरसमज

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत वस्ती मुख्यतः आदिवासींची: वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला कोर्टात मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेला कोणीही यांनाही हाच हक्क आहे. तरीही वकिलाची फी कुठून आणायची म्हणून बैल विकणारी, सावकाराकडे जाणारी माणसे दिसतात. याचे मूळ पुष्कळदा अर्धवट ऐकलेल्या शब्दांत असते.

‘आपल्याला सरकारी वकील मिळेल’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. खरे तर सरकारी वकील आरोपीचा नसतोच. तो सरकारतर्फे, म्हणजे आरोपीविरुद्ध खटला चालवतो. कोर्टात ‘डिफेन्स’ म्हणतात तो बचाव पक्ष वेगळा, आणि आरोपीला मोफत मिळणारा वकील त्या बाजूचा. त्याची नेमणूक विधी सेवा संस्था करते. 2022 पासून ‘लीगल एड डिफेन्स काउन्सेल’ या योजनेत केवळ फौजदारी बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमले जात आहेत. मोफत वकिलाला मानधन संस्था देते, पक्षकाराकडून एक रुपयाही घेण्याची त्याला मुभा नाही. घडलेली सगळी हकीकत विश्वासाने सांगायची ती याच वकिलाला. तो लक्ष घालत नसेल तर विधी सेवा समितीकडे तक्रार करून दुसरा मागता येतो.

वकील मागितला तरच मिळतो, हाही गैरसमज. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. तिथपासूनच त्याला वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये बजावले. 1986 मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या सुक दास खटल्यात, आरोपीला या हक्काची कल्पनाच दिली नव्हती म्हणून न्यायालयाने शिक्षा रद्द केली. 2012 च्या कसाब निकालात तर प्रत्येक मॅजिस्ट्रेटने पहिल्याच हजेरीत आरोपीला हे सांगितले पाहिजे, असे स्पष्ट केले. मुंबई हल्ल्यातल्या आरोपीला जो हक्क नाकारला गेला नाही, तो मोखाड्याच्या पाड्यावरच्या माणसाला नुसत्या माहितीअभावी मिळू नये, हे मला फार लागते.

‘नॉन-बेलेबल’ हा शब्द ऐकला की घरचे हाय खातात. जामीन मिळणारच नाही असा त्याचा अर्थ नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हक्काने मिळतो, अजामीनपात्र गुन्ह्यात तो कोर्ट विचार करून देते, एवढाच फरक. जामीनदार मिळत नाही म्हणून गरिबाने तुरुंगातच राहावे असेही नाही. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर कायदा त्या माणसाला निर्धन मानतो आणि त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगतो. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलेल्यांना आणखी एक निकाल उपयोगाचा आहे. 1978 च्या मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, जामीनदार परजिल्ह्यातला आहे एवढ्यावरून त्याला नाकारता येत नाही.

जामीन म्हणजे सुटका, असेही अनेकांना वाटते आणि ते तारखांना जाणे सोडतात. मग वॉरंट निघते. जामिनावर असला तरी खटला चालूच असतो.

सर्वांत महागात पडतो तो कबुलीचा सल्ला. ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे ठाण्यात कबूल केले म्हणजे सगळे संपले असे मानू नये. मॅजिस्ट्रेटपुढे ‘गुन्हा कबूल’ म्हटले तर मात्र दोषसिद्धी होते. मोहाच्या दारूची किरकोळ केस असली तरी ती नोंद राहते आणि पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत पुढे येते. साक्षीची भाषा समजत नसेल तर ती समजेल अशा भाषेत सांगितली जावी, हाही आरोपीचा हक्क आहे. कळले नाही तर मान डोलवू नये, तसे कोर्टाला सांगावे.

राहिला ‘सेल्फ डिफेन्स’. अंगावर आलेल्याला अडवताना हात उचलला की गुन्हाच, हे चूक. त्याने आधी मारले म्हणून नंतर गाठून मारले तरी चालते, हे त्याहून चूक. भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 स्वतःचे, दुसऱ्याचे आणि मालमत्तेचे रक्षण करू देतात, पण गरजेपुरतेच. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ होता का, हे न्यायालय पाहते. ठाणे पाड्यापासून किती दूर, हेही वकिलाने मांडायला हवे.

तेव्हा घरातल्या कोणाला अटक झाली तर बैल बाजारात नेण्याआधी 15100 या क्रमांकावर फोन करा किंवा कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. लिहिता येत नसेल तर अर्ज तिथे लिहून घेतात, अंगठाही चालतो.