ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ आणि कवीचे नाव

ग्रंथाचे मुखपृष्ठ हा आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा विषय आहे. ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठाचा विचार मात्र साहित्यविषयक नियतकालिकांतून क्वचितच होतो. गीताचे शब्द कवीचे असतात, एवढ्या नात्याने तरी तो येथे व्हावा, असे आम्हांस वाटते.

ध्वनिमुद्रिकांचा ‘अल्बम’ म्हणजे मुळात ७८ फेऱ्यांच्या अनेक तबकड्या एकत्र ठेवण्याची, छायाचित्रांच्या वहीसारखी जाड पुठ्ठ्याची वही. तिचे पुठ्ठे बहुधा साधे असत. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण कलावंताने त्यांवर चित्रे आणली. १९४८ साली त्याच कंपनीने दीर्घवादन तबकडी काढली आणि तिच्या वेष्टनावर चित्रकाराला बारा इंचांचा चौरस, म्हणजे नऊशे चौरस सेंटिमीटरांहून अधिक जागा लाभली. १९८२ पासून आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने ती सुमारे दीडशेवर आणली. आज स्ट्रीमिंगच्या यादीत, मोबाइलच्या पडद्यावर, ती अवघी एक-दोन चौरस सेंटिमीटर उरली आहे.

या संकोचाचा अर्थ दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’वर (१९६७) पन्नासाहून अधिक व्यक्तींचा मेळा आहे, नखाएवढ्या चित्रात तो केवळ रंगांचा गलबला होतो. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर (१९७३) काळ्या पार्श्वभूमीवर एक लोलक व त्यातून फुटलेले रंगीत किरण आहेत, ते कितीही लहान केले तरी ओळखू येतात. थोड्या आकृती आणि ठळक रंगभेद, हाच नव्या आरेखनाचा धडा होय.

परंतु वेष्टनाला मागची बाजूही होती. ‘सार्जंट पेपर’च्या पाठीवर गीतांचे शब्द छापलेले होते, आपल्याकडील रागसंगीताच्या तबकड्यांमागे राग, ताल व साथीदार यांची माहिती वाचावयास मिळे. लहानशा चित्राला ही पाठच नाही. श्रेयनामावली वेगळी उघडावी लागते, आणि प्रकाशकाने पुरविली असेल तेवढीच ती तेथे दिसते. चित्र लहान झाल्याचे दुःख आम्हांस फारसे नाही; कवीचे नाव दृष्टीआड होते, याचे आहे.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांनी ध्वनिमुद्रण करविले, तेव्हा गाणे संपताच त्या आपले नाव उच्चारीत. नाव गाण्याबरोबर राहावे, ही गरज तेव्हाही होती. नव्या आरेखकांनी चित्राइतकीच काळजी या नामावलीची घ्यावी. आणि वर्गात गीत ऐकविणाऱ्या शिक्षकाने, पडद्यावर दिसो वा न दिसो, कवीचे नाव आधी सांगावे.