मॅंगनीजच्या गावातलं मिग

तुमसरात राहणाऱ्याला मॅंगनीजचं कौतुक नसतं. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण, चिखल्याची भुयारी खाण, तुमसर रोडहून तिरोडीकडे निघालेला रेल्वेचा फाटा, हे सगळं जन्मापासून बघितलेलं. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मी फूटभर लांबीच्या प्लास्टिकच्या मिग-२१वर तपकिरी तैलरंगाचं पाणी सोडत होतो आणि सहज ट्यूबवरचं नाव वाचलं: बर्न्ट अंबर. अंबर म्हणजे लोह आणि मॅंगनीज यांच्या ऑक्साइडची माती, भाजली की बर्न्ट अंबर. नावाजलेली अंबर सायप्रसची. आता अनेक कंपन्या ती रसायनातून जुळवतात. तरी मूळ रंगाला तो काळसरपणा देणारं खनिज आमच्या खाणीतलंच, हे कळल्यावर ब्रश थोडा वेळ हातातच राहिला.

पुढे २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. दिवाळी अंकाच्या संपादकांना कुठून तरी कळलं होतं की माझ्या टेबलावर एक मिग अर्धवट पडलंय. त्यांनी लेख मागितला. त्यांना बहुधा विमानाबद्दल हवा होता. मी रंगाबद्दल लिहितोय.

इतिहास थोडक्यात उरकतो. प्लास्टिकची जुळवायची विमानं १९३६ साली इंग्लंडात फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने आणली. एअरफिक्सचं पहिलं विमान, स्पिटफायर, १९५३चं. तेव्हा मुलं ती जुळवून एकसारखी रंगवत आणि दोऱ्याने छताला टांगत. मॉडेल मुद्दाम मळवायचं, म्हणजे वेदरिंग करायचं, हे वेड पुढे बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेनसारख्यांनी जगभर पसरवलं. मिगचा संबंध मात्र घरचा. १९६३ साली ते वायुदळाच्या २८व्या स्क्वाड्रनमध्ये आलं आणि १९६४ साली त्याच्यासाठी नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. शेकडो मिग तिथून बाहेर पडली.

खऱ्या मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर. १:४८ प्रमाणात ते १५ सेंटिमीटर होतात, वितीपेक्षाही कमी. या आकड्याची गंमत पुढे आहे. मी मारलेला रंगाचा थर २० मायक्रॉनचा असला, तर खऱ्या विमानावर तो जवळजवळ एक मिलिमीटर जाड झाला. पत्र्यांच्या सांध्याची खाच मॉडेलवर ०.२ मिलिमीटर दिसते, म्हणजे खऱ्या विमानावर बोट शिरेल एवढी फट. असं विमान उडणार नाही. वीतभर अंतरावरून खरं वाटावं म्हणून इथे प्रत्येक गोष्ट थोडी खोटी करावी लागते. रंगही डब्यातला जसाच्या तसा चालत नाही, त्यात थोडा पांढरा घालून फिका करतात. एक फुटावरून मॉडेल बघणं म्हणजे ४८ फुटांवरून विमान बघणं, आणि मधली हवा रंग पुसट करते.

आता माझ्या आवडीची जागा. मिगचं इंजिन काढायचं तर विमानाचा मागचा भाग बोल्ट सोडून अख्खा मागे ओढतात. पंखांजवळ, धडाभोवती एक गोल सांधा आहे, तिथून विमानाचे दोन तुकडे होतात. विमानाच्या आयुष्यात हे कितीतरी वेळा घडतं. पाना घसरतो, कडेचा रंग उडतो, तेलकट हात लागतात. बाकी सांधे फिकट ठेवले तरी चालेल, हा गडद हवाच. नंतरच्या काळातल्या मिगवर कॉकपिटची काच उजवीकडे उघडते, म्हणून वैमानिक डावीकडून चढतो आणि झिजतो तो डावा काठ. दोन्ही बाजू सारख्याच झिजवलेलं मॉडेल दिसलं की ओळखावं, करणाऱ्याने विमान बघितलंय पण माणसं बघितलेली नाहीत. डाग पाडण्याआधी मी एवढंच विचारतो: हा कुणी पाडला? उत्तर नसेल तर ब्रश खाली. पुष्कळ जण विमानावर तांबूस गंजाचे ओघळ काढतात, तेव्हा मला चिडायला होतं. ॲल्युमिनियम तांबूस गंजत नाही, तो गंज रणगाड्याचा. म्हणून मी बर्न्ट अंबरमध्ये काजळीचा काळा मिसळतो.

तो गोल सांधा भरायची रीत अशी. आधी चकचकीत वार्निशचा हात, कारण खरबरीत पृष्ठभागावर तपकिरी पाणी पसरून डाग धरतं. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रंगाचा एक थेंब ब्रशच्या टोकाने खाचेला टेकवायचा. केशाकर्षणाने तो आपोआप खाचेतून धावतो. हे बघताना मी अजून लहान मुलासारखा वाकतो. थोडं सुकलं की जास्तीचा रंग बोळ्याने पुसायचा, नेहमी नाकाकडून शेपटीकडे, वारा जातो तसा. इथेही मॅंगनीज मध्ये येतं. तैलरंगातलं तेल जवसाचं आणि मॅंगनीज त्याला सुकायची घाई करतं. म्हणून अंबर लवकर धरते, काजळीचा काळा मात्र ताटकळत राहतो. एकाच खाचेतले दोन रंग दोन वेळा पाळतात. आमच्याकडे कापणीआधी धानाच्या बांधीत लाखोरीबरोबर जवसही फेकून पेरतात. म्हणजे त्या थेंबातलं तेल आणि खनिज दोन्ही आमच्या ओळखीची.

खालचा रंग टिकायचा तर थरांचा क्रम सांभाळायचा, आधी जहाल मग सौम्य. हे मला एका गॅरेजातल्या पेंटरने शिकवलं. जीप रंगवता रंगवता तो म्हणाला, “वरून एनसी थिनर नका लावू जी, खालचा हात उठते.” अख्खं शास्त्र आलं त्यात.

खरा छळ गावाच्या हवेचा. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की एअरब्रशमधून निघालेला रंग विमानापर्यंत पोचायच्या आधीच हवेत सुकतो आणि पंखावर वाळूसारखा बसतो. पहिला हात मी असाच घालवला. पॉलिश पेपरने घासून जूनमध्ये पुन्हा मारला, तेव्हा वीज गेली, कॉम्प्रेसर दमला आणि रंग फवारायच्या ऐवजी थुंकला. जुलैत चकचकीत वार्निश मारलं ते जहाल थिनरचं. झपाट्याने उडणारं थिनर पृष्ठभाग गार करतं, पावसाळी हवेतली वाफ त्यावर बसते आणि वार्निशवर दुधाळ झाक येते. ती दोन दिवस बघत बसलो. मग हळूहळू उडणारं थिनर मारून अर्धी घालवली. उरलेली पंखाखाली आहे, तिथे कुणी बघत नाही अशी स्वतःची समजूत काढलीय.

मध्ये एकदा तोफेच्या तोंडाजवळच्या काजळीसाठी मॅंगनीजची काळी भुकटी वापरायचा मोह झाला. डोंगरी बुजुर्गचं डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी जातं, दिसतंही काजळीसारखंच. पण ही धूळ श्वासातून वर्षानुवर्षं गेली तर मेंदूवर परिणाम होऊन हात थरथरायला लागतात. ज्या छंदात सगळी मदार स्थिर हातावर, त्यात हे नको. मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं आणि बोटाने पसरवलं.

बोटावरून आठवलं. सप्टेंबरात, चंदीगडचा निरोप टीव्हीवर चालू असताना, शेवटचं मॅट वार्निश सुकलं असं समजून मी विमान उचललं. सुकलेलं नव्हतं. कॉकपिटच्या मागे, डाव्या बाजूला, माझ्या अंगठ्याचा ठसा रेघांसकट उमटला. खऱ्या विमानाच्या मापाने तो जवळजवळ मीटरभर रुंद. हा कुणी पाडला, या प्रश्नाला एवढं चोख उत्तर अख्ख्या मॉडेलवर दुसरं नाही.

घासायला दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर आणून ठेवलाय. पण आता नवा धान यायला लागलाय, राइस मिल दिवसरात्र चालतात आणि कोंढ्याची बारीक धूळ दारं लावली तरी टेबलावर येते. मिल बंद असेल अशा सकाळची वाट बघतोय. तोवर विमान बायकोच्या जुन्या स्टीलच्या डब्याखाली झाकलेलं आहे.