व्हाउचरवाल्या भाडेकरूचे भाडे ठरते कसे?

अमेरिकेत सरकारी मदत घेणाऱ्या भाडेकरूच्या घराचे भाडे सरकार ठरवत नाही. आकडा घरमालकच सांगतो. सरकारी कार्यालय तो मान्य करते किंवा फेटाळते. ‘हाउसिंग चॉइस व्हाउचर’ नावाच्या या योजनेत सुमारे २३ लाख कुटुंबे आहेत. १९३७च्या गृहनिर्माण कायद्याचे आठवे कलम १९७४ साली नव्याने लिहिले गेले, त्यातून ती निघाली. म्हणून लोक तिला अजूनही ‘सेक्शन एट’च म्हणतात. गरिबांसाठी सरकारने इमारती बांधत बसण्यापेक्षा त्यांनी बाजारात घर शोधावे आणि भाड्याचा मोठा वाटा सरकारने थेट मालकाच्या हाती द्यावा, अशी ही रचना आहे. पैसा वॉशिंग्टनच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याचा, कारभार गावोगावच्या हाउसिंग ऑथॉरिटींचा.

हिशेबाची सुरुवात ‘फेअर मार्केट रेंट’पासून होते. खाते दरवर्षी प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी आणि ग्रामीण काउंटीसाठी, खोल्यांच्या संख्येनुसार हा दर जाहीर करते; १ ऑक्टोबरपासून तो लागू होतो. अलीकडे भाड्याने गेलेली बऱ्या स्थितीतली शंभर घरे स्वस्तापासून महागापर्यंत मांडली, तर साधारण चाळिसाव्या घराचे भाडे म्हणजे हा दर. वीज, पाणी, गॅस यांचा खर्च त्यात धरलेला असतो. स्थानिक ऑथॉरिटी या दराच्या ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान स्वतःची मर्यादा ठरवते. तिला ‘पेमेंट स्टँडर्ड’ म्हणतात. पुढची सगळी ओढाताण या एका आकड्याभोवती चालते.

कुटुंबाचा वाटा उत्पन्नावरून ठरतो. मुले, वृद्ध, अपंग यांच्यासाठीच्या वजावटी काढून उरलेल्या मासिक उत्पन्नाचे साधारण ३० टक्के कुटुंबाने भरायचे. समजा, एका कुटुंबाचे असे उत्पन्न २,००० डॉलर आहे, म्हणजे त्याचा वाटा ६०० डॉलर. दोन बेडरूमच्या घराचे पेमेंट स्टँडर्ड १,५०० आहे आणि वीज-गॅससाठी ऑथॉरिटीने १२० डॉलर धरले आहेत. मालकाने १,३८० भाडे सांगितले, तर एकूण खर्च बरोबर १,५०० होतो. ऑथॉरिटी मालकाला ९०० देते, कुटुंब ४८० देते आणि वीज-गॅस स्वतः भरते.

आता मालकाने १,५०० मागितले तर? एकूण खर्च १,६२० होतो, पण सरकारचे ९०० वाढत नाहीत. वरचे १२० कुटुंबाच्या अंगावर पडतात आणि त्याचा वाटा ७२० होतो. हे चालते. मात्र मालक १,६०० वर अडून बसला, तर वाटा ८२० वर जातो आणि व्यवहार तिथेच मोडतो, कारण मर्यादेवरच्या घरात राहायला जाताना कुटुंबाचा वाटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. या उदाहरणात मालकाला मिळू शकणारे कमाल भाडे १,५८० डॉलर.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. भाडेकरूने घासाघीस करून भाडे १,२०० वर आणले, तरी त्याचा वाटा ६०० च राहतो. वाचलेले १८० सरकारचे. म्हणजे मर्यादेच्या आत भाडे कमी करून घेण्यात भाडेकरूला एक डॉलरही सुटत नाही. घर पाहायला तो जातो, मालकाशी बोलतो तो, पण भाव पाडण्यात त्याचा फायदा काहीच नाही. या योजनेची सगळ्यात कमकुवत जागा हीच.

ही उणीव भरून काढण्यासाठी दुसरी चाळणी आहे: भाडे रास्त आहे की नाही, याची तपासणी. मालक आणि भाडेकरू मिळून मंजुरीचा अर्ज भरतात. ऑथॉरिटी त्याच भागातल्या, मदत न घेणाऱ्या भाडेकरूंच्या तशाच घरांशी तुलना करते. जागा, आकार, इमारतीचे वय, अवस्था, पार्किंग किंवा कपडे धुण्याची सोय, वीज-पाण्याचे बिल कोण भरतो, हे सगळे त्यात पाहिले जाते. मालकाच्या त्याच इमारतीतले इतर भाडेकरू १,३०० देत असतील, तर व्हाउचरवाल्याकडून १,४५० घेता येत नाहीत, मग पेमेंट स्टँडर्ड कितीही असो. ऑथॉरिटीचा दरमहाचा पैसा स्वीकारणे म्हणजेच आपण जास्त आकारत नाही अशी मालकाची हमी, असे कराराचे कलम सांगते. कागदावर ठरल्यापेक्षा वरचे पैसे भाडेकरूकडून गुपचूप घेणे हा सरळ करारभंग.

मालकाचे स्वतःचे गणित याहून व्यवहारी असते. सरकारचा वाटा दर महिन्याला न चुकता येतो, भाडेकरूची नोकरी गेली तर तो कमी न होता वाढतो. ही मोठी जमेची बाजू. पण आधी घराची तपासणी होते. धुराचा अलार्म वाजतो का, हीटर चालतो का, १९७८ पूर्वीच्या घरात लहान मूल राहणार असेल तर शिसेयुक्त रंगाचे पोपडे निघालेत का. एखादी गोष्ट अडली की दुरुस्ती, फेरतपासणी, आणि तोवर घर रिकामे. चढ्या बाजारात मालक हा खोळंबा सोसत नाही. घर लवकर जात नाही अशा वस्तीत मात्र व्हाउचरवाला भाडेकरू त्याला हवाच असतो, आणि तिथे पेमेंट स्टँडर्डची मर्यादा हाच मागणीचा आकडा होऊन बसतो.

मिलवॉकी शहरातल्या भाडेकरूंच्या पाहणीवरून मॅथ्यू डेस्मंड आणि क्रिस्टिन पर्किन्स यांनी २०१६ मध्ये हे मोजून दाखवले. सारखी वस्ती, सारखे घर असतानाही व्हाउचरवाल्यांकडून महिन्याला ५१ ते ६८ डॉलर जास्त आकारले जात होते. अख्ख्या महानगराला एकच दर लावल्याचा हा परिणाम होता: गरीब वस्तीत तो बाजारभावापेक्षा वर, चांगल्या शाळांच्या वस्तीत खाली. रास्त भाड्याची तपासणी कागदावर कितीही कडक असली, तरी तुलनेची घरे निवडणारा कर्मचारी हा फरक दरवेळी पकडतोच असे नाही.

यावरचा उपाय म्हणजे झिप कोडनुसार, म्हणजे टपाल विभागवार, दर. डॅलस परिसरात एका खटल्यानंतर २०११ पासून तो सुरू झाला. महाग भागात मर्यादा वर गेली, स्वस्त भागात खाली आली. रॉबर्ट कॉलिन्सन आणि पीटर गॅनॉंग यांच्या अभ्यासानुसार नवी घरे घेणारी कुटुंबे अधिक सुरक्षित वस्त्यांत गेली आणि सरकारचा एकूण खर्च जवळपास वाढला नाही. २०१६ च्या नियमाने ही पद्धत २४ महानगर क्षेत्रांना बंधनकारक झाली, २०२५ पासून आणखी ४१ क्षेत्रांना.

भाडेवाढीचे नियम साधे आहेत. पहिल्या कराराच्या मुदतीत भाडे वाढवता येत नाही. नंतर वाढवायचे तर ऑथॉरिटीला निदान ६० दिवस आधी कळवायचे, आणि नवा आकडा पुन्हा त्याच तुलनेच्या चाळणीतून जातो.

मात्र व्हाउचर घ्यायचेच नाही, असे मालकाने ठरवले तर त्याला रोखणारा देशव्यापी कायदा नाही. मॅसॅच्युसेट्सने सरकारी मदत घेणाऱ्या भाडेकरूंना नाकारण्यास व्हाउचरच्या आधी, १९७१ मध्येच बंदी घातली. बरीच राज्ये आणि शहरे नंतर त्या वाटेने गेली. टेक्सासने २०१५ मध्ये उलटे केले आणि आपल्या शहरांना असा नियम करण्यापासूनच अडवले. अर्बन इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, डॅलसजवळच्या फोर्ट वर्थमधल्या ७८ टक्के मालकांनी व्हाउचर नाकारले. नकाराला बंदी असलेल्या वॉशिंग्टन शहरात हे प्रमाण १५ टक्के होते.