पडद्यावरील माणूस आणि शेजारचा माणूस

पूर्वीं छापखान्यांत जुळविलेल्या खिळ्यांवरून संपूर्ण पृष्ठाचा एक धातूचा ठसा ओतीत असत. तो एकदां तयार झाला कीं, हजारों प्रती काढल्या तरी त्यांतील एक अक्षरही बदलत नसे. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रपंडितानें १९२२ सालीं आपल्या ग्रंथांत याच ठशाचें नांव मनुष्याच्या मनांतील ठराविक कल्पनांना दिलें. ज्या लोकांशीं आपला कधीं परिचय झाला नाहीं, त्यांचें चित्र आपल्या मनांत आधींच ओतलेलें असतें. आणि तो मनुष्य प्रत्यक्ष समोर आला तरी आपण त्याच्याऐवजीं तें चित्रच पाहतों.

चित्रपट व दूरचित्रवाणी यांना असे ठसे फार सोयीचे पडतात. अर्ध्या तासांत कथा संपवावयाची असल्यामुळें पात्राची सावकाश ओळख करून देण्यास अवकाश नसतो; म्हणून पोषाख, बोली व नांव यांवरूनच प्रेक्षकानें मनुष्य ओळखावा, अशी योजना असते. आपली वऱ्हाडी बोली अशा कार्यक्रमांत बहुधा हंशा पिकविण्यासाठींच येते, हें आपण जाणतोंच. हिंदी चित्रपटांतील ख्रिस्ती मनुष्याच्या हातीं पेला व तोंडीं मोडकी हिंदी, हाही जुनाच प्रघात आहे. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधील दिलदार अँथनीसुद्धां दारूचा गुत्ताच चालवितो. असें एखादें पात्र आलें, यांत दोष नाहीं. दुसऱ्या प्रकारचें पात्र क्वचितच येतें, हा दोष आहे. ज्यांच्या लेखणीनें मराठी भाषा समृद्ध झाली, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक हेही ख्रिस्तीच होते, हें त्या पेल्याआड दिसेनासें होतें.

अशा थट्टेनें मन दुखावतें; परंतु फासेपारध्यांच्या बाबतींत या ठशामुळें पोटावरच पाय येतो. इंग्रज सरकारच्या १८७१ सालच्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, व पुढें पारधीही त्या यादींत आले. स्वतंत्र भारतांत ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो शिक्का कायद्यानें पुसला गेला. लोकांच्या मनांतून मात्र तो अद्याप गेलेला नाहीं. चोरीच्या बातमींत ‘पारधी टोळी’ हे शब्द सहज येतात; इतर चोरांची जात कोणी सांगत नाहीं. ज्यानें एकही पारधी कुटुंब जवळून पाहिलें नाहीं, त्याचें ज्ञान तेवढेंच. मग गांवांत चोरी होतांच संशय बेड्यावर जातो, मजुरी मिळणें कठीण होतें, आणि शाळेंत त्यांच्या मुलाशेजारीं बसण्यास इतर मुलें कां कूं करतात.

जॉर्ज गर्बनर या अमेरिकन संशोधकानें दूरचित्रवाणीच्या परिणामांचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. जे लोक पडद्यापुढें अधिक वेळ बसतात, त्यांना जग आहे त्याहून अधिक भयंकर वाटतें, असें त्यास आढळलें. एका कार्यक्रमाचा परिणाम थोडा, पुनरावृत्तीचा मोठा. थेंबाथेंबानें दगड झिजतो, त्यांतलाच हा प्रकार होय.

यावर उपाय प्रत्यक्ष परिचयाचा. अमरावती जिल्ह्यांतील मंगरूळ चव्हाळा येथें, याच जमातींत जन्मलेल्या मतीन भोसले यांनीं शिक्षकाची नोकरी सोडून फासेपारध्यांच्या मुलांसाठीं ‘प्रश्नचिन्ह’ नांवाची आश्रमशाळा काढली. भीक मागत फिरणारीं मुलें तेथें अक्षरें गिरवूं लागलीं. हेंही चित्र खरेंच आहे; परंतु तें रोज रात्रीं दाखविलें जात नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, पडद्यावर एखाद्या समाजाचा मनुष्य दिसला कीं मनाशीं विचारा : हें चित्र कोणी काढलें? त्या समाजाचा दुसरा मनुष्य मीं कधीं पाहिला आहे काय? माझ्या समाजाचें असेंच चित्र काढलें तर मला रुचेल काय? आणि पालकांनींही हे प्रश्न मुलांबरोबर बसून विचारावेत; कारण घरांतील मोठ्या माणसांच्या तोंडून निघालेला एक शब्द मुलांच्या मनांतील ठसा पक्का करतो, किंवा वितळवितो.